सेल्फ-हीलिंग हायड्रोजेल जोडलं जातंय मस्त, पण सेन्सरचं रीडिंग जागेवर राहत नाही – मदत हवी

सोलापूरची_जेलवाली

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. दुसरं वर्ष, पॉलिमर केमिस्ट्री, सोलापूर. प्रोजेक्टचा विषय आहे त्वचेवर चिकटवायचा स्ट्रेन सेन्सर, म्हणजे बोटाच्या सांध्यावर हायड्रोजेलची (भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जेलची) पट्टी लावायची, बोट वाकलं की पट्टी ताणली जाते, रेझिस्टन्स बदलतो, तो मोजायचा. आणि गाइडचा आग्रह की जेल सेल्फ-हीलिंगच पाहिजे, म्हणजे कापलं तरी आपोआप परत जुळणारं, कारण सध्या तेच चालतं.

बजेट म्हणाल तर जवळपास नाहीच, म्हणून पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि बोरॅक्स (टाकणखार) घेतलं. पीव्हीए ९० अंशांच्या वर ढवळत ढवळत विरघळवलं, गार झाल्यावर बोरॅक्सचं द्रावण घातलं, आयन हवेत म्हणून साधं मीठ. जेल एकदम भारी झालं. कात्रीने कापलं, तोंडाला तोंड लावून ठेवलं, थोड्या वेळात परत एक, ओढलं तरी सहज सुटत नाही. गाइड खूश.

पण सेन्सर म्हणून लावलं की रडगाणं सुरू. बोट एकदम सरळ ठेवलंय, हालचाल शून्य, तरी आर्डुइनोवरचं (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचं) रीडिंग एका दिशेला सरकतच राहतं. बोट वाकवून परत सरळ केलं की मूळ जागेवर येत नाही. दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये पट्टीच्या कडा वाळून कडक होतात (इथला एप्रिल माहितीये ना). म्हणून कुठेतरी वाचून ग्लिसरीन घातलं, तर वाळणं कमी झालं पण जेल जेलच राहिलं नाही, काचेवर ठेवलं की पसरायला लागलं, हे का झालं तेच कळत नाहीये.

आणि शेवटचं, पेपरांमध्ये गेज फॅक्टर (रेझिस्टन्स किती टक्के बदलला भागिले पट्टी किती टक्के ताणली) ५-६-८ असे आकडे असतात, माझा खेचून ताणून २ च्या आसपास येतो. माझं जेल इतकं वाईट आहे का? मटेरियल बदलू का? एमएक्सीन (महागडं कंडक्टिव्ह नॅनोमटेरियल) वगैरे परवडणारं नाही हे आधीच सांगते.

विस्कोमीटर

सगळ्यात आधी, तुझं जेल वाईट नाहीये. जे होतंय ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं होतंय. ग्लिसरीनपासून सुरू करतो कारण ते सोपं आहे.

बीएस्सीला बोरिक ॲसिडचं टायट्रेशन केलं असशील. नुसतं केलं तर एंड पॉइंट धड दिसत नाही म्हणून त्यात मॅनिटॉल किंवा ग्लिसरीन घालायचो, आठवतंय? का घालायचो, तर बोरेट आयन शेजारशेजारच्या दोन ओएच (हायड्रॉक्सिल) गटांना जाऊन चिकटतो, आणि तसं झालं की ॲसिड जास्त जोरकस होतं. आता तुझ्या जेलमध्ये बोरेट नेमकं हेच काम करतोय, पीव्हीएच्या एका साखळीवरचे दोन ओएच एका हातात आणि दुसऱ्या साखळीवरचे दोन दुसऱ्या हातात, असा तो पूल झालाय. त्यात तू ग्लिसरीन ओतलंस, म्हणजे छोटे, चपळ, भरपूर ओएच असलेले रेणू. बोरेटने पीव्हीएचा हात सोडला आणि ग्लिसरीनचा धरला. वर पीएच खाली आला तो वेगळाच, आणि पीएच ९ च्या खाली जायला लागला की बोरेटच कमी होत जातो, बोरिक ॲसिड वाढतं, त्याला पूल बांधता येत नाही. म्हणून पसरलं.

हीच गोष्ट त्वचेवरपण होणारे. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, घामपण बहुतेक वेळा आम्लधर्मी. तुझं जेल ९ च्या आसपास. म्हणजे जिथे चिकटायचं तिथूनच ते सैल होत जाणार आणि त्वचेलाही इतकं अल्कली तासन्‌तास बरं नाही. शिवाय बोरॅक्स युरोपात प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत आहे, धडधाकट त्वचेतून फार आत जात नाही पण खरचटलेल्या जागी लावू नकोस, मित्रमैत्रिणींच्या हातावर सहज म्हणून तर अजिबात लावू नकोस.

आता मुख्य मुद्दा, बेसलाइन, म्हणजे बोट सरळ असतानाचं मूळ रीडिंग. कापलेलं जेल परत का जुळतं? कारण त्यातले बॉन्ड सतत सुटतात आणि सतत बांधले जातात, पीव्हीए-बोरॅक्समध्ये सेकंदांच्या हिशोबात. कापलेल्या तोंडाशी मोकळे झालेले हात समोरच्या तोंडातले हात धरतात. पण हे सुटणं-बांधणं फक्त कापलेल्या जागी चालत नाही ना, सगळ्या जेलमध्ये चालतं, चोवीस तास. तू पट्टी ताणून धरलीस की बॉन्ड सुटतात आणि नव्या लांबीला परत बांधले जातात, आणि मग जेलच्या दृष्टीने तीच त्याची मूळ लांबी. आपण आधी कुठे होतो हे ते विसरलं. झटक्यात ओढ, तुटेल. हळू ओढ, चिक्कीच्या पाकासारखं लांबत जाईल. जे जेल इतकं सहज जुळतं ते स्ट्रेन सेन्सर म्हणून जागेवर येणार नाही, कारण दोन्ही एकाच गुणाची फळं आहेत. पेपरमध्ये पहिल्या पानावर जुळल्याचा फोटो असतो आणि हिस्टेरिसिसचा (ताणतानाची आणि सोडतानाची वाट वेगळी पडते त्याचा) ग्राफ सप्लिमेंटरीमध्ये खाली कुठेतरी, हा काही योगायोग नाही.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजवाल्यांचं २०१६ चं काम बघ, त्यांनी सिली पुटीत (म्हणजे सिलिकॉन आणि बोरिक ॲसिड, तुझ्या जेलची चुलत बहीण) ग्राफीन घातलं. गेज फॅक्टर ५०० च्या वर, त्यावरून चालणाऱ्या कोळ्याची पावलंसुद्धा कळली. पण ताण दिल्यावर रेझिस्टन्स वाढतो आणि मग पुटी जशी सैलावते तसा आपोआप खाली येत जातो. म्हणून असलं मटेरियल नाडी, श्वास, धक्का अशा झटपट घडणाऱ्या गोष्टींना उत्तम. "बोट ३० अंशात वाकवून पाच मिनिटं धरून ठेवलंय" हे त्याला कळणार नाही.

त्यामुळे तुझ्या गाइडना आधी विचार, मोजायचंय काय? झटका की स्थिती? स्थिती मोजायची असेल तर निदान एक कायमचं जाळं पाहिजे जे आकार धरून ठेवेल. तुझ्याकडे जे आहे त्यातच करता येईल: पीव्हीए गोठवायचं आणि वितळवायचं, उणे २० चा डीप फ्रीझर बास. गोठताना साखळ्यांचे बारीक स्फटिक होतात, ते खुंट्यांसारखे आकार पकडून ठेवतात, यात बोरॅक्सची गरजच नाही. पीव्हीए भरपूर असेल तर असं जेल बोरॅक्सशिवायसुद्धा काही प्रमाणात स्वतः जुळतं, २०१२ मध्ये ३५ टक्के पीव्हीए घेऊन ते दाखवलंय. जुळणं कमी मिळेल, बेसलाइन बरी मिळेल. आणि बोरॅक्स गेलं की ग्लिसरीन बिनधास्त घालता येतं.

कॅरमपटू

म्हणजे आमच्या बोर्डावरची बोरिक पावडर आणि गोंद एकत्र केला की इलेक्ट्रॉनिक त्वचा?? आईने उगाच फेकून दिली 😂

सर्किटवाला_बंड्या

केमिस्ट्रीतलं मला काही कळत नाही पण रीडिंग सरकण्याचं अर्धं कारण तुझ्या आर्डुइनोत आहे हे मी पैज लावून सांगतो. व्होल्टेज डिव्हायडर लावला असशील ना, ५ व्होल्ट, एक फिक्स रेझिस्टर, खाली जेल, मधून ॲनालॉग पिन? तिथेच गडबड.

तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, तुझ्या जेलमध्ये आयन. एका दिशेने डीसी लावून ठेवलास की सोडियम एका टोकाला गर्दी करतो, क्लोराइड दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रोडपाशी थर साचतो आणि रेझिस्टन्स वाढल्यासारखा दिसतो. बोट हलवलेलंच नाही आणि ग्राफ चढतोय तो हा. वर पाण्याचं विघटन व्हायला १.२३ व्होल्ट पुरतात, तू ५ च्या सर्किटला जोडलंयस, म्हणजे जेलच्या वाट्याला किती येतंय त्यावर बुडबुडेपण येत असतील. इलेक्ट्रोडला तांब्याची टेप लावली असशील तर थोड्या दिवसांत हिरवट डाग दिसेल, मिठाच्या पाण्यात तांबं टिकत नाही आणि ते तांब्याचे आयन तुझ्या जेलमध्ये शिरणार. म्हणजे तू जेल मोजत नाहीयेस, इलेक्ट्रोडची रड मोजतेयस.

उपाय: एसीवर (म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर) मोज. फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये एलसीआर मीटर (एसीवर रेझिस्टन्स वगैरे मोजणारं यंत्र) असेलच, १ किलोहर्ट्झवर ठेव, व्होल्टेज कमी ठेव. पोर्टेबल पाहिजे तर एडी५९३३ नावाची इम्पिडन्स (एसीला होणारा विरोध) मोजणारी चिप तयार बोर्डवर मिळते, आर्डुइनोला जोडता येते. तेही नको तर जुगाड: जेल आणि रेझिस्टर दोन डिजिटल पिनांच्या मध्ये लाव, एकदा पहिली हाय दुसरी लो, लगेच उलटं, प्रत्येक अर्ध्यातल्या रीडिंगवरून रेझिस्टन्स काढ आणि त्यांची सरासरी घे, दोन्ही दिशांना वेळ सारखाच दे म्हणजे आयन एका बाजूला जाऊन बसणार नाहीत. प्रोजेक्टपुरतं चालून जातं.

इलेक्ट्रोडसाठी मेडिकलमधून ईसीजीचे डिस्पोजेबल पॅड आण, ते सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे असतात आणि स्वस्त. त्यांचंच बटण वापर, जेलची टोकं त्यावर दाब. तुझ्या जेलमध्ये मीठ आहे म्हणजे क्लोराइड आहेच, जोडी जमते. आणि हो, त्या पॅडच्या मधोमध जे ओलसर चिकट असतं ते पण जेलच बरं का, सेल्फ-हीलिंग वगैरे काही नाही, आणि जगातली सगळी हॉस्पिटलं त्यावर चालतात.

गेज फॅक्टरचं ऐक आता. हे शुद्ध भूमिती आहे. जेल म्हणजे बहुतांशी पाणी, ताणलं तरी आकारमान तेवढंच राहतं. लांबी λ पट झाली की जाडी-रुंदी मिळून क्षेत्रफळ λ ने कमी होतं, रेझिस्टन्स λ² पट. थोडंसं ताणलंस तर गेज फॅक्टर २ येणारच, तुझा २ आलाय म्हणजे तू बरोबर मोजतेयस! आता तीच पट्टी दुप्पट ताण: रेझिस्टन्स ४ पट, बदल ३०० टक्के, भागिले १०० टक्के स्ट्रेन, गेज फॅक्टर ३. पाचपट ताण: रेझिस्टन्स २५ पट, बदल २४०० टक्के भागिले ४००, झाला ६. जेल तेच, मीठ तेच, फक्त जास्त ओढलं. म्हणजे एखाद्या नुसत्या आयनवाल्या जेलच्या पेपरात ६ लिहिलं असेल तर आधी बघायचं किती ताणून काढलाय. आणि त्वचा स्वतः ताणून ताणून ताणते किती, सांध्यावर ३० टक्के वगैरे. ४०० टक्क्यांचा आकडा कुणाच्या बोटासाठी आहे देव जाणे.

सोलापूरची_जेलवाली

बाप रे. हो, व्होल्टेज डिव्हायडरच आहे आणि तांब्याची टेपच आहे 🙈 तुम्ही काय लॅबमध्ये येऊन बघून गेलात का.

विस्कोमीटर सर, ग्लिसरीनचं आत्ता डोक्यात शिरलं, टायट्रेशन शंभरदा केलंय पण इथे लावून बघायचं सुचलंच नाही. फक्त फ्रीझ-थॉ (गोठवणं-वितळवणं) केलं तर गाइड म्हणणार "हीलिंग एफिशियन्सी किती? ९५ च्या वर पाहिजे." ती नेमकी कशी काढायची? काही पेपरात एलईडी लावलेला फोटो असतो, जेल कापलं की विझतो, जोडलं की पेटतो, आणि लिहितात ०.२ सेकंदात हीलिंग. ते चालेल का?

विस्कोमीटर

'सर' नको, मी पण अजून थिसिसच लिहितोय.

एलईडीवाला फोटो दिसायला छान असतो, सिद्ध काहीच करत नाही. दोन ओले तुकडे एकमेकांना टेकवले की करंट जाणारच. काकडीच्या दोन फोडी टेकवल्यास तरी जाईल, म्हणून काकडी सेल्फ-हीलिंग होत नाही. तसंच एक तुकडा निळा, एक गुलाबी करून जोडायचे आणि मधे जांभळा पट्टा दाखवायचा, त्यात रंग पसरला एवढंच दिसतं.

खरं माप म्हणजे ओढून बघणं. अखंड पट्टी तुटेपर्यंत ओढ, ताण-विरूपणाच्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढ, मग कापून जोडलेली तशीच ओढ, दोन्हींचं गुणोत्तर. नुसती ताकद किंवा नुसती लांबी देऊ नकोस, क्षेत्रफळ दे, तिथे लपवाछपवी होत नाही. ओढायचा वेग दोन्हीला एकच ठेव आणि तो लिही, कारण या जेलमध्ये वेग बदलला की सगळंच बदलतं. किती वेळ जोडून ठेवलं तेही लिही. आणि एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत ती तू कर: कापल्यावर लगेच न जोडता तोंडं काही वेळ उघडी ठेव आणि मग जोड. पॅरिसच्या लिब्लरच्या गटाने २००८ मध्ये स्वतः जुळणारं रबर दाखवलं तेव्हाच हे तपासलं होतं, तोंडं उघडी राहिली की मोकळे हात शेजारपाजारीच जोड्या जमवून टाकतात आणि समोरच्यासाठी कमी उरतात. जेलला तर वर सुकण्याचाही त्रास. खऱ्या हातावर जेल फाटलं तर कुणी त्याच सेकंदाला तोंडाला तोंड लावून बसणार आहे का, त्यात धूळ, तेल, मेलेली त्वचा, सगळं जाणार.

असं मोजून ६० टक्के आलं तरी मी परीक्षक असतो तर ९८ वाल्यापेक्षा तुला जास्त मार्क दिले असते. गाइडचं काय ते तू बघ :)

फिजिओ_ताई

इकडची नाहीये मी, फिजिओथेरपिस्ट आहे, लकव्यानंतर हात परत चालता करायचं काम जास्त. असले सेन्सर घेऊन इंजिनिअरिंगची मुलं अधूनमधून येतात म्हणून थोडं लिहिते.

पेशंटला व्यायाम करवून घ्यायचा म्हणजे अर्धा तास, फार तर पाऊण. त्यात मला हवं असतं ते लावायला झटपट, काढताना केस उपटले जाणार नाहीत असं, आणि एका पेशंटचं दुसऱ्याला लावायचं नाही म्हणून स्वस्त. जेल फाटून परत जुळावं अशी मागणी कधी माझ्या मनात आलेली नाही, फाटलं तर फेकून नवीन लावेन. उलट आमच्याकडे निम्म्या पेशंटांच्या हाताला घरच्यांनी सकाळी खोबरेल नाहीतर तिळाचं तेल चोळून पाठवलेलं असतं, त्यावर तुमचं जेल चिकटतं का हे आधी बघा. स्पिरिटने पुसलं तरी पूर्ण जात नाही.

आणि हवा न लागणाऱ्या पट्टीखाली उन्हाळ्यात घामोळं येतं, त्वचा पांढरी पडून भिजल्यासारखी होते. लकव्याच्या पेशंटला त्या बाजूला कधी कधी स्पर्श कळत नाही, त्यामुळे आग होतेय हे तो सांगतसुद्धा नाही. तेव्हा कुणाच्याही अंगावर लावायच्या आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढ, "फक्त बोटालाच तर लावलं" असं म्हणून चालत नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्यासाठीच आहेत.

पाषाण_रोड

धागा छान चाललाय, पण सेल्फ-हीलिंगला सगळ्यांनी मिळून असं झोडपताय की पोरगी विषयच सोडून देईल. थोडी दुसरी बाजू मांडतो, आणि जरा जुनी गोष्ट, आपल्याच गावची.

जेल स्वतः जुळवायचं काम पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) झालंय हे किती जणांना माहिती आहे? डॉ. माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांच्याबरोबर श्यानी वर्गीस तिथे पीएच.डी. करत होत्या. ॲमिनोकॅप्रोइक ॲसिडची शेपटी असलेला एक मोनोमर (पॉलिमर ज्यांचं बनतं तो छोटा रेणू), त्याचं जेल, आणि तांब्याचे आयन. शेपटीच्या टोकाचे कार्बॉक्सिल गट तांब्याला धरतात, त्या पकडीने तुटलेलं जेल परत सांधता येतं, यावरचा त्यांचा पेपर २००६ चा आहे. त्या वेळी सेल्फ-हीलिंग हायड्रोजेल म्हणून आजच्यासारखी जत्रा भरलेली नव्हती. पुढे वर्गीस अमेरिकेत सॅन डिएगोला गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांच्या लॅबने त्याच मोनोमरच्या जेलवर पीएनएएस या शोधपत्रिकेत पेपर काढला, आता तांबंसुद्धा नको, आम्लधर्मी पाण्यात काही सेकंदांत जुळतं, आणि पीएच वाढवला की तेच तुकडे परत सुटे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेपटीची लांबी. फार आखूड शेपटी समोरच्या शेपटीपर्यंत पोचत नाही, फार लांब झाली तर पाण्याला घाबरून आपल्याआपल्यातच गोळा होते. मधली बरोबर पडते.

हे सांगायचं कारण, जेलवाली, तू बोरॅक्सला अडकून बसू नकोस. तुझ्या जेलला पीएच ९ लागतो म्हणून त्वचेशी भांडण आहे, पण याला आम्लधर्मीच आवडतं! अर्थात हा मोनोमर घरी करायला सोपा नाही आणि त्याला हवा असलेला पीएच त्वचेपेक्षा बराच खाली आहे, पण विचाराची दिशा ती. प्रत्येक बॉन्डला आपला आपला पीएच असतो. कायटोसान आणि ऑक्सिडाइज्ड डेक्स्ट्रान किंवा अल्जिनेटचं शिफ बेस (म्हणजे इमिन, कार्बन-नायट्रोजन बॉन्डचं) जेल बघ, कायटोसान कोळंबीच्या सालापासून निघतं, महाग नाही, पेरिऑडेटने ऑक्सिडेशन तुमच्या लॅबमध्ये होईल, फक्त अंधारात कर आणि नंतर डायलिसिसला (पातळ पडद्यातून नको ते बारीक रेणू धुऊन काढायला) कंटाळू नकोस. इमिन बॉन्ड बोरेटपेक्षा सावकाश सुटतो, त्यामुळे आकारही जरा जास्त वेळ धरतो.

आणि सेल्फ-हीलिंग निरुपयोगी आहे हे मला मान्य नाही. फिजिओ ताईंना अर्ध्या तासासाठी नको हे पटलं. पण सांध्यावर हजारो वेळा वाकणाऱ्या पट्टीत मोठी चीर पडायच्या आधी डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडत असतात, त्या आतल्या आत भरत राहिल्या तर पट्टी जास्त दिवस टिकते. कात्रीने कापून जोडणं हा नुसता तमाशा आहे, खरा फायदा थकव्यात आहे. तो कुणी धड मोजत नाही.

विस्कोमीटर

थकव्याचा मुद्दा मान्य, पण मग हेही बघा ना: हार्वर्डच्या २०१२ च्या अल्जिनेट-पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलने सगळ्यांचे डोळे दिपवले, वीसपट ताणतं, फाडायला प्रति चौरस मीटर ९००० ज्यूलच्या आसपास लागतात. एकदा ताणल्यावर त्यातले कॅल्शियमचे बॉन्ड सुटतात आणि परत जमायला? ८० अंशांवर एक दिवस ठेवलं तेव्हा पहिल्या खेपेच्या ७४ टक्के ऊर्जा परत मिळाली. माणसाच्या हाताला ८० अंश कुठून आणायचे. लवकर जुळणारं वाहतं आणि न वाहणारं उशिरा जुळतं, तुमचं कायटोसान यातून सुटत नाही, मधे कुठेतरी बसतं इतकंच.

आणि वाळणं? तुम्ही सगळे त्यावर गप्प. त्वचेवरच्या हायड्रोजेलचा एक नंबर शत्रू कात्री नाही, हवा आहे.

पाषाण_रोड

मधे बसतं हेच तर पाहिजे ना सेन्सरला. असो.

वाळण्याबद्दल: मिठाने फार फरक पडत नाही, कारण मिठाचं संपृक्त द्रावणसुद्धा हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तरच पाणी धरून ठेवतं. कॅल्शियम क्लोराइड साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी सोडत नाही, लिथियम क्लोराइड ११ पर्यंत. पेपरात लिथियम क्लोराइड दिसतं ते म्हणून. पण इतकं घट्ट लिथियमचं द्रावण दिवसभर त्वचेवर मी तरी लावणार नाही, कॅल्शियमही जास्त झालं तर चुरचुरतं. तुझ्यासाठी ग्लिसरीनच बरं, बोरॅक्स काढल्यावर. कंडक्टिव्हिटी पडेल, कारण द्रावण दाट झालं की आयन रेंगाळतात, पण गेज फॅक्टरचं बंड्याने सांगितलंच आहे, तो रेझिस्टन्स किती यावर नाही, किती पटीने बदलला यावर आहे. आणि मुंबईच्या जुलैत हेच ग्लिसरीन उलटं हवेतलं पाणी ओढून पट्टी फुगवतं, तेव्हा सोलापूरचा रेसिपी-आकडा दादरला लागू होईल असं धरू नकोस.

वरून पीडीएमएसचा (सिलिकॉन रबराचा) थर देतात बरेच जण, तो पाण्याला रोखतो पण वाफ त्यातून छान निघून जाते, म्हणून नुसतं सिलिकॉन लावून वाळणं थांबत नाही, मंदावतं. आणि वर कव्हर घातलं की मजा बघ, जेल जुळतं पण फाटलेलं कव्हर जुळत नाही! स्टॅनफर्डच्या बाओ यांच्या गटाने म्हणूनच हायड्रोजेल सोडून रबरासारख्या पॉलिमरचे सगळेच थर स्वतः जुळणारे केले, २०२३ मध्ये तर एकावर एक असलेले थर आपापला जोडीदार शोधून रांगेत येतात इथपर्यंत नेलं.

सर्किटवाला_बंड्या

अजून एक राहिलंच, तापमान. पाण्यातल्या आयनांची कंडक्टिव्हिटी अंशामागे साधारण २ टक्क्यांनी बदलते. गेज फॅक्टर २ म्हणजे १ टक्का ताणाला पण २ टक्केच बदल. म्हणजे पट्टी एका अंशाने तापली की एक टक्का ताण उलट्या दिशेने झाला असं तुझं सर्किट समजणार. सोलापूरच्या लॅबची हवा दुपारी ४० अंशांना आणि बोटाची त्वचा ३३-३४ ला, पट्टी लावल्यावर ती स्थिरावेपर्यंतच सहा-सात टक्के चुकीचा ताण दिसेल.

उपाय जुनाच, व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे दोन रेझिस्टन्समधला फरकच मोजणारं सर्किट. त्याच बॅचच्या जेलची दुसरी पट्टी जवळच, न वाकणाऱ्या जागी लाव, म्हणजे सांधा सोडून मधल्या हाडावर. ब्रिजच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. तापमान दोघींना सारखंच, वाळणंही बऱ्यापैकी सारखं, वजा होऊन जातं. ब्रिजलाही एसीच द्यायचं, परत डीसी लावू नकोस नाहीतर मारीन 😄

सोलापूरची_जेलवाली

दोन पट्ट्यांची आयडिया एकदम पटली, आणि ती कुठल्याच पेपरात दिसली नव्हती मला.

तर सध्या असं ठरवतेय: बोरॅक्स बंद, पीव्हीए फ्रीझ-थॉ विथ ग्लिसरीन आणि थोडं मीठ, ईसीजी पॅडची बटणं, एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झ (फिजिक्सच्या मॅडमना विचारलं, आहे त्यांच्याकडे, दुपारी तीननंतर देतील). हीलिंग क्षेत्रफळाने काढेन, लगेच जोडलेलं आणि उशिरा जोडलेलं दोन्ही. बोरॅक्सवालं जेल फेकत नाही, तुलनेला ठेवते, "जास्त जुळतं ते जास्त सरकतं" हे दोन्हींच्या ग्राफवरून दाखवता येईल असं वाटतंय. गाइडना काल अर्धंमुर्धं सांगितलं, ते म्हणाले आधी डेटा दाखव.

पाषाणरोड काका, कायटोसान पुढच्या सेमला बघते, आत्ता वेळ नाही. फिजिओ ताई, एथिक्सचा फॉर्म आणलाय, त्यात "त्वचेशी संपर्कात येणारे पदार्थ" असा रकाना आहे. तोपर्यंत बोटाऐवजी कशावर लावून बघू? 

फिजिओ_ताई

आमच्याकडे येणारी मुलं लाकडी बिजागरीवर आधी करून आणतात, वर रबरी हातमोजा ओढून. कोनमापक बाजूला लावता येतो आणि बिजागरी कंटाळत नाही. फॉर्ममध्ये ग्लिसरीन, मीठ, पीव्हीए सगळं नावानिशी लिही, ग्रेड आणि शुद्धतेसकट, तिथेच अडवतात.

विस्कोमीटर

बिजागरीवर करशील तेव्हा वाकवून पाच मिनिटं धरून ठेवायची चाचणी नक्की कर, दोन्ही जेलवर. आणि फ्रीझ-थॉ करताना साच्यावर क्लिंग फिल्म घट्ट लाव, नाहीतर फ्रीझरमध्येच वरचा थर सुकतो आणि पट्टी एका बाजूला वाकडी निघते.